चटई, पट्ट्या आणि दोरी

राग नाकावर असतो असं म्हणतात. हिचा नाकाच्याही दोन बोटं पुढे चालायचा; बाई दारात दिसायच्या आधी राग खोलीत येऊन बसलेला असायचा. महिलांच्या व्हॉलीबॉल संघाकडून वजनं उचलवून घेणं हे तिचं काम. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं तोफ. ते तिच्या कानावर आलं तेव्हाही ती कुणावर उडाली नाही, कारण त्यात खोटं काय होतं?

त्या सोमवारी मात्र तोफ गप्प होती, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. चाचणीच्या खोलीत जमिनीवर दोन लांब काळ्या पट्ट्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. एका पट्टीतून दुसरीकडे न दिसणारे किरण जायचे. मधे पाय असले की ते अडायचे, पाय वर गेले की मोकळे व्हायचे, आणि माणूस हवेत किती वेळ होता त्यावरून यंत्र उडीची उंची सांगायचं. पट्ट्यांच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, तोफेची सख्खी धाकटी बहीण उभी होती. घरी तिला धाकटी म्हणत आणि उंचीमुळे संघात खांब. जाळ्याजवळ उभं राहून समोरच्यांचे फटके अडवायचे हे तिचं काम, आणि ते सगळं उडीवर उभं. अकरा महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती. ती संघात परतणार की नाही, हे या पट्ट्या ठरवणार होत्या.

धाकटी गुडघ्यात वाकली, उडाली, खाली आली. पडद्यावर आकडा उमटला.

"एकोणचाळीस," मीटरसरांनी वाचून दाखवलं, जसं काही बाकीच्यांना डोळेच नव्हते. संघाची सगळी मोजमापं या सरांच्या ताब्यात, म्हणून ते मीटरसर. माणूस मऊ बोलणारा, कडक इस्त्रीचा. "आणि बाळाच्या आधी होते चव्वेचाळीस. नियम तुम्हाला माहीत आहे. दोन सेंटिमीटरची घट मी चालवून घेतो. ही पाचांची आहे."

"अजून एकदा उडते," धाकटी म्हणाली.

"तीनदा उडालात. गेल्या महिन्यात हेच, त्याच्या आधीच्या महिन्यात हेच." सरांनी पेनाला टोपण लावलं. "यात तुमचा काही दोष नाही हो. बाळंतपणानंतर काहींचं शरीर परत येतं, काहींचं नाही येत. निसर्ग आहे. शुक्रवारी यादी लागेल. गुरुवारी तुम्हाला शेवटची संधी देतो, माझ्याकडून."

ते 'माझ्याकडून' ऐकून तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आग सरांकडे वळली नाही. तिने अख्खा जन्म आकड्यांच्या भरवशावर काढलेला. आकडा म्हणजे आकडा, त्याच्याशी काय भांडायचं? आग वळली ती पट्ट्यांच्या मधे उभ्या असलेल्या बहिणीकडे.

"चल खाली," ती म्हणाली.

खालच्या बोळातल्या बाकावर धाकटीचा नवरा डुलक्या घेत बसला होता. बेकरीतली रात्रपाळी संपवून तो थेट इथे यायचा आणि सराव होईपर्यंत मुलीला सांभाळायचा. मुलगी त्याच्या छातीवर जागी होती. आईला बघताच तिने दोन्ही हात पसरले.

"दोन मिनिटं, ताई. भुकेली असेल."

"तिचं पोट नंतर भरेल. तुझी पाचांची घट कोण भरून काढणार?"

मेव्हण्याने डोळे उघडले आणि तोफेचा चेहरा बघून शहाण्यासारखे परत मिटले. धाकटीने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती आत गेली.

वजनांची खोली हे तोफेचं राज्य. इथे लोखंड, खडूची पावडर आणि घाम यांचा मिळून एक वास होता, तो तिच्या कपड्यांतून घरीही जायचा. इथलं मोजायचं यंत्र जुनं होतं. एक डबी, तिच्यात गुंडाळलेली बारीक दोरी. दोरीचं टोक वजनाच्या दांड्याला अडकवायचं. दांडा वर गेला की दोरी डबीतून ओढली जायची, आणि किती वेगाने ओढली गेली ते डबी सांगायची. सरळ मामला होता. तेच वजन पूर्वीइतक्याच वेगाने उचललं तर ताकद जागेवर आहे, हळू उचललं तर घटली आहे. डबीचा एक कोपरा फुटलेला होता आणि त्याला चिकटपट्टी लावलेली होती.

धाकटीने दांडा खांद्यावर घेतला, खाली बसली आणि उठली. डबीवर आकडा आला.

"बघ, शून्य पूर्णांक बासष्ट," ती धापा टाकत म्हणाली. "या वजनाला पूर्वीही बासष्टच यायचं. कधीकधी साठ. आठवतं ना तुला?"

"आठवतं ना. म्हणून तर म्हणते, डबी बिघडलीय."

"काय?"

"वर पाचांची घट आणि इथे सगळं आलबेल, असं कसं होईल? दोन्हीतलं एक खोटं आहे. वरचं यंत्र नवंकोरं आहे आणि हे म्हातारं झालंय. दोरी सैल पडली असणार."

"दोरी सैल पडलीय, की मी सैल पडलेय असं म्हणायचंय तुला?"

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तोफेची जुनी खोड. "हो, तसंच म्हणायचंय," ती म्हणाली. "वर्षभर घरात लोळलीस. आई गेल्यावर स्वतःचं सगळं बाजूला ठेवून तुला मी उभी केली, ती हे बघायला? मूल सांभाळायचं की जाळं सांभाळायचं, एक काय ते ठरव. दोन दगडांवर पाय ठेवून कुणाला उडता आलंय आजपर्यंत?"

 धाकटीच्या बनियनवर छातीपाशी दोन ओले डाग पसरायला लागले होते. तिने खाली बघितलं, बाकावरचा टॉवेल ओढून गळ्यात टाकला, तो दोन्ही बाजूंनी पुढे घेतला, आणि परत दांड्याखाली शिरली.

"मी पूर्वीइतकीच उडतेय, ताई," उठताना ती म्हणाली. "मला कळतं. हात जाळ्यावर जिथे यायचा तिथेच येतो."

"मनाचे खेळ," तोफ म्हणाली. "चल, अजून पाच. मग ठोकळ्यावरच्या उड्या."

हे तीन महिने चालू होतं. बाकीच्या मुली घरी जायच्या आणि धाकटी ठोकळ्यावर उड्या मारत राहायची, मांड्या थरथरायला लागेपर्यंत. तोफ शेजारी उभी राहून ओरडायची. तिला वाटायचं, ओरडण्याने उंची वाढते. आजवर बऱ्याच जणींची वाढलीही होती, म्हणून तर ती सवय लागलेली.

बुधवारी कप्तान बोटाला पट्टी बांधून घ्यायला वजनांच्या खोलीत आली. कप्तान म्हणजे संघातली सगळ्यात थोरली आणि तोफेला न घाबरणारी एकटीच.

"ताई, खांबला जरा श्वास घेऊ द्या," बोट पुढे करत ती म्हणाली. "उद्या तिला उडायचंय. तुम्ही तर तिला घाण्याला जुंपलीय."

"पाचांची घट आहे. श्वास घेऊन भरून येणार आहे का?"

"पाच?" कप्तान हसली. "अहो, माझीही पाचांचीच झाली होती की. जुन्या चटईवर मी सत्तेचाळीस उडायचे. नव्या पट्ट्या आल्या आणि एका दिवसात बेचाळीस! घरी जाऊन रडले होते मी. चटई बिचारी प्रेमळ होती, सगळ्यांच्या पदरात चार-पाच जास्तच टाकायची."

तोफेच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"मग सरांनी आम्हा सगळ्यांचे जुने आकडे रद्द करून नवे धरले," कप्तान सांगत होती. "तुम्हीच तर होतात ना त्या दिवशी? गुडघ्यांवर बसून पट्ट्या धरलेल्या."

होती. तोफ होती त्या दिवशी. पूर्वी उडी मोजायला रबरी चटई होती. पायांचा दाब सुटला की तिचं घड्याळ सुरू व्हायचं, दाब परत आला की थांबायचं. नव्या पट्ट्या आल्या तेव्हा दोन्ही यंत्रं किती सांगतात ते बघायला चटई पट्ट्यांच्या मधे अंथरली होती. चटईच्या जाडीने किरण अडू नयेत म्हणून पट्ट्यांखाली लाकडी फळ्या सरकवल्या होत्या, आणि एक पट्टी डुगडुगत होती ती तोफेनेच धरून ठेवली होती. अख्खा संघ एकामागून एक उडाला. प्रत्येकीचा चटईवरचा आकडा मोठा आणि पट्ट्यांवरचा लहान. मीटरसरांनी कारणही छान समजावलं होतं: अंगाचा भार हलका झाला की बोटं टेकलेली असतानाच चटई म्हणते 'उडाली', पट्ट्यांचे किरण जमिनीपासून जरा वर, त्यामुळे पाय तेवढे वर गेल्याशिवाय त्या म्हणत नाहीत. एकच उडी, पण एकीच्या हिशोबात जास्त वेळ हवेत, दुसरीच्या हिशोबात कमी. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तोफेनेही.

धाकटी त्या दिवशी तिथे नव्हती. ती चार दिवसांच्या बाळाला घेऊन घरी होती. म्हणजे संघात तिच्या एकटीचाच चव्वेचाळीस चटईवरचा राहिला होता, आणि एकोणचाळीस पट्ट्यांवरचा. कापड एका गजाने मोजून द्यायचं, परत घेताना दुसऱ्या गजाने मोजायचं आणि शिंप्याला चोर म्हणायचं, त्यातला प्रकार.

"ताई, बोट," कप्तान म्हणाली.

तोफेने पट्टी तिच्या हातात कोंबली आणि ती जिन्याकडे धावली.

मीटरसर खोलीत एकटेच होते. "बसा ना. पाणी घेता?"

"पाणी नको. माझ्या बहिणीचे चव्वेचाळीस कशावरचे?"

सरांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत पडद्याकडे. एवढ्यातच तिला उत्तर मिळालं.

"चटईवरचे असणार," ते म्हणाले. "हो. ती तेव्हा रजेवर होती. हे राहून गेलं खरं. पण असं आहे, फरक प्रत्येकीचा अगदी सारखा नव्हता. कुणाचा चार, कुणाचा पाच. तिचा किती हे आपल्याला माहीत नाही. नुसत्या अंदाजाने आकडा बदलणं शास्त्राला धरून नाही."

"आणि अंदाजाने तिला बाद करणं शास्त्राला धरून आहे?"

"अंदाज कसा? बाळंतपणानंतर उडी कमी होते हे सगळीकडे—"

"सगळीकडचं मला सांगू नका. इथलं सांगा. हातच्या काकणाला आरसा कशाला? उद्या चटई काढा, पट्ट्यांच्या मधे घाला आणि उडवा तिला."

"उद्याची चाचणी नियमाप्रमाणे पट्ट्यांवर होईल."

"मग मी त्या पट्ट्यांच्या मधे आडवी झोपते," तोफ म्हणाली. आवाज आता छताला लागला होता. "माझ्या अंगावरून उडवा तिला! बघू तुमचे किरण काय सांगतात!"

बोळात दोन-तीन दारं उघडली. मीटरसरांनी सुस्कारा सोडला आणि खिशातून कोठीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

चटई फाटक्या जाळ्यांच्या ढिगाखाली सापडली. गुरुवारी सकाळी तोफेने ती स्वतः पुसली, अंथरली, पट्ट्यांखाली फळ्या सरकवल्या. धाकटी भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. काय चाललंय ते तिला कप्तानने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तोफेला वाटलं, ही आता हसेल, निदान डोळे तरी मिचकावेल. धाकटी बुटांच्या नाड्या घट्ट करत राहिली.

आधी कप्तान उडाली. चटई म्हणाली सत्तेचाळीस, पट्ट्या म्हणाल्या बेचाळीस. अजून दोघी उडाल्या, त्यांचंही तसंच झालं. मग धाकटी मधे आली. कमरेवर हात, गुडघे वाकले, वर गेली. खाली येताना तिच्या पायांचा एकच आवाज झाला, दोन्ही पाय मिळून एक.

चटई म्हणाली पंचेचाळीस. पट्ट्या म्हणाल्या चाळीस.

 बाळाच्या आधी चटईवर चव्वेचाळीस होते. मुलगी झाली, आणि ही बाई एक सेंटिमीटर जास्तच उडायला लागली होती.

"अच्छा," मीटरसर म्हणाले. घसा साफ करून ते परत म्हणाले, "अच्छा. म्हणजे नोंदीतली चूक झाली म्हणायची. तांत्रिक."

आणि तोफ उडाली.

"तांत्रिक?" ती म्हणाली. "सर, तांत्रिक? इथे सगळ्या मुलींच्या उड्या एका दिवसात पाच-पाचांनी खाली आल्या, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? यंत्र बदललं! हिची तेवढीच खाली आली तेव्हा काय म्हणालात? बाई बदलली! तेच यंत्र, तेच पाच! त्यांच्या वेळी चटईचा दोष आणि हिच्या वेळी निसर्ग? तीन महिन्यांत एकदा, एकदा तरी वाटलं नाही तुम्हाला की बघावं हा आकडा कुठून आला? कशाला वाटेल! उत्तर आधीच तयार होतं तुमच्याकडे. पोर झाली म्हणजे बाई संपली. मग यंत्र तपासायचं कशाला!"

मीटरसरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो माणूस वाईट नव्हता. पण तोफेला त्या क्षणी तो कसा आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणालाच नसावं.

"मी दिलगीर आहे," ते म्हणाले. "उद्याच्या यादीत नाव असेल."

"माझ्याकडे बघून काय दिलगीर होताय? तिच्याकडे बघा!"

सर वळले. धाकटी जमिनीवर बसून बूट काढत होती. त्यांनी परत तेच शब्द उच्चारले. धाकटीने मान हलवली, हो म्हणून की पुरे म्हणून ते कळलं नाही. हळूहळू सगळे निघून गेले. कप्तानने जाता जाता धाकटीच्या पाठीवर जोरात थाप मारली. खोलीत दोघी बहिणी आणि ती चटई एवढंच उरलं.

तोफेचं अंग अजून तापलेलं होतं. जिंकल्यावरही राग उतरत नव्हता. "आता या माणसाला मी सोडत नाही," येरझाऱ्या घालत ती म्हणाली. "वर तक्रार करते. हा काय प्रकार झाला? तीन महिने! तीन महिने तुला—"

"बोलून झालं?" धाकटीने विचारलं.

"अजून पुष्कळ बाकी आहे."

"यंत्र बदललं, बाई बदलली. छान बोललीस," धाकटी म्हणाली. तिने एक मोजा काढून बुटात घातला. "ताई, त्या दिवशी पट्ट्या कोणी धरल्या होत्या?"

तोफ थांबली.

"मी," ती म्हणाली. "पण माझ्या लक्षातच आलं नाही गं. काल कप्तान बोलली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

"लक्षात आलं नाही. बरोबर. सरांच्याही नसेल आलं."

"त्याची माझ्याशी बरोबरी करू नकोस हां."

"का नको?" धाकटीचा आवाज चढला नव्हता. त्यांच्या घरात आवाज एकीचाच चढायचा, दुसरीने ते काम कधी शिकूनच घेतलं नाही. "तीन महिने मी तुला सांगतेय, मी तेवढीच उडतेय. तुझी दोरी तुला सांगत होती, ही तेवढंच उचलतेय. तू काय केलंस? दोरी खोटी ठरवलीस. दोरी खोटी, मी खोटी, आणि खरं काय, तर मी वर्षभर लोळले. ताई, मी एकदाही सलग तीन तास झोपलेले नाही गं या वर्षात."

"मी रागात बोलले ते."

"तू सगळंच रागात बोलतेस. खोटं कुठे बोलतेस?" तिने दुसरा मोजा काढला. "सर परके. त्यांना माझी उडी म्हणजे आकडा. पण तू? लहानपणी मी माडीवर उड्या मारायचे तेव्हा तू खालून ओरडायचीस, आज टाच आधी टेकतेय म्हणून. न बघता! नुसत्या आवाजावरून! तीन महिने तू माझ्या शेजारी उभी होतीस. तुझे कान कुठे गेले होते?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक हसत म्हणतात. तोफेला हसू येत नव्हतं. तिला आत्ताच ऐकलेला तो आवाज आठवत होता, दोन्ही पायांचा मिळून एक. तीन महिने रोज तोच आवाज होता, बाळाच्या आधीचाच. तिने ऐकला होता आणि बाजूला सारला होता, कारण तिच्याकडेही उत्तर आधीच तयार होतं. मीटरसरांना तोंडावर जे जे सुनावलं होतं त्यातला शब्द न् शब्द आता तिच्या अंगाला चिकटत होता.

"मी तुझ्या भल्यासाठीच—"

"माहीत आहे. म्हणून तर जास्त लागलं." धाकटी उठली. उठल्यावर ती तोफेपेक्षा हातभर उंच होती. "सोमवारपासून मी वजनं पुरुष संघाच्या ट्रेनरकडे उचलणार आहे. ते खालच्याच खोलीत घेतील, तुझी वेळ सोडून. बोलणं झालंय त्यांच्याशी."

"कधी बोललीस?"

"या सोमवारी. लोळलीस म्हणालीस, त्या संध्याकाळी."

तेव्हा तर चटईचा विषयही निघाला नव्हता. बाद व्हायची वेळ आली होती, आणि तेव्हाही हिने ठरवलं होतं की उचलायचं ते दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. तोफेचा राग नेहमीसारखा उकळत वर आला. मी तुला वाढवली, मी तुला दांडा धरायला शिकवलं, जा, जा कुणाकडेही! तिने तोंड उघडलं. समोर धाकटी अनवाणी उभी होती, हातात बूट, बनियनवर परत तेच दोन ओले डाग. तोफेच्या तोंडातून काहीच बाहेर पडलं नाही. मुलींनी ठेवलेलं नाव त्या दिवशी पहिल्यांदा खोटं पडलं.

"तिला पाजायचंय," धाकटी म्हणाली आणि निघून गेली.

शुक्रवारी यादीत नाव लागलं. सोमवारी वजनांच्या खोलीतली आपली वेळ संपल्यावर तोफेने दांडा पुसून जागेवर ठेवला, खडूची पावडर झाडली, आणि डबीची दोरी ओढून सोडून बघितली. दोरी सटकन आत गेली. सैल कसली, चांगली ताठ होती. धाकटी आणि पुरुष संघाचा ट्रेनर आत आले, तशी ती बाहेर बोळात गेली. मेव्हणा बाकावर बसल्या बसल्या पुढे कलंडत होता.

"घरी जाऊन झोपा," ती म्हणाली. "इकडे द्या हिला."

त्याने आत बघितलं. आतून धाकटीने त्याच्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली. तोफेकडे बघितलं नाही. मेव्हण्याने मुलगी तोफेच्या मांडीवर ठेवली आणि तो गेला.

दार अर्धवट लोटलेलं होतं. आत पुरुष संघाचा ट्रेनर दोरी दांड्याला अडकवत असावा. "ही डबी बरीच जुनी दिसतेय," त्याचा आवाज आला. "आकडा बरोबर देते ना?"

"बरोबर देते," धाकटी म्हणाली. "तुम्ही वजन चढवा."

दांडा उचलल्याचा आवाज आला, मग श्वास, मग खाली ठेवल्याचा. आतून कुणी आकडा वाचला नाही, पण तोफेला आवाजावरूनच कळलं. बासष्टच्या वर होतं ते. चौसष्टही असेल.

"तुझी आई चांगली उचलते," ती मुलीच्या कानाशी म्हणाली. तिला स्वतःचाच राग येत होता, कारण हे वाक्य त्या दाराच्या आत उभं राहून म्हणायचं होतं, आणि तेव्हा तिने ते म्हटलं नव्हतं. मुलीने ऐकलं नाही. तिला तोफेच्या गळ्यातली शिट्टी सापडली होती, आणि ती सगळा जोर लावून तिची दोरी ओढत होती.